आधीचा फोटो

“ताई, आधी दुसरंच बाळ येतं. मग माझं येतं.”

हे ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा हळू, शेजारच्या खोलीत कोणी ऐकत असल्यासारखं. माझ्या मांडीवर राही होती, कानात हेडफोन, समोर लॅपटॉप. राहीने हेडफोनची वायर तोंडात घातली होती आणि मी ती काढून घेतली नव्हती, कारण काढली असती तर ती रडली असती.

“म्हणजे दुसऱ्या बाळाचा फोटो दिसतो?” मी विचारलं.

“हो. वर नाव माझंच असतं. सुवर्णा किरण गांगुर्डे यांचं बाळ. आणि खाली फोटो त्याचा. मग तो जातो आणि माझं बाळ येतं.”

“लगेच जातो का?”

“लगेच नाही,” ती म्हणाली. “बघून होतं, तेवढा राहतो.”

नाशिकच्या एका मुलांच्या दवाखान्यासाठी आमच्या कंपनीने ते अ‍ॅप केलं होतं. दिवस पूर्ण व्हायच्या आधीच जन्मलेली बाळं तिथे काचेच्या पेटीत असत. आईवडिलांना मोबाईलवर एक लिंक जायची. ती उघडली की बाळाचा आजचा फोटो, वजन, किती दूध घेतलं, एवढं दिसायचं. सुवर्णाचे सिझेरियनचे टाके पिकले होते, अंगात ताप होता, म्हणून तिला बाळाजवळ सोडत नव्हते. ती दिंडोरीजवळच्या एका गावी सासरी पडून होती आणि दिवसभर ती लिंक उघडत होती.

तिची तक्रार सपोर्टच्या मुलांनी आधीच एकदा बंद केली होती. खाली शेरा होता: फोटो योग्य दिसत आहे, आई तणावात आहे. तिने पुन्हा फोन केला. मग आमच्या टीमचा प्रमुख पराग मला म्हणाला, “तू बोल ना तिच्याशी. तू आई आहेस, तुला जमेल. थोडं ऐकून घे, धीर दे आणि बंद कर. आम्ही त्या तक्रारीला भूत म्हणतो.”

बाळंतपणाच्या रजेवरून मी नुकतीच परतले होते. परतले म्हणजे काय, रावेतच्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला होता. बिल्डिंग नवी होती, आमच्या मजल्यावर अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. आई येऊन राहून परत साताऱ्याला गेली होती. नवरा, हृषीकेश, जामनगरला साइटवर. दिवसभर मी ज्यांच्याशी बोलायचे ते सगळे मीटिंगमधले काळे चौकोन होते, प्रत्येकात नावाचं पहिलं अक्षर. रजेवर असताना माझं बरंचसं काम दुसऱ्यांनी केलं होतं आणि आता मला अशी धीर देण्याची कामं मिळत होती.

राहीने वायर सोडून दिली आणि एकदम रडायला सुरुवात केली.

“तुमचं बाळ आहे?” पलीकडून सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज बदलला. “घ्या ना त्याला आधी. मी थांबते.”

मी राहीला खांद्यावर घेऊन उभी राहिले. ती खरंच थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

“मुलगी?”

“हो.”

“आवाज चांगला खणखणीत आहे,” ती म्हणाली. आणि मग कुणीतरी फोन तिच्या हातातून घेतला.

“हॅलो. कोन बोलतंय? मी तिची सासू, पार्वताबाई.” आवाज करडा, पण भांडखोर नव्हता. “बाई, तिचं मनावर नका घेऊ. ताप डोक्यात गेलाय तिच्या. पेटीतल्या लेकराला म्हनती हे माझं नाय.”

“मी असं नाही म्हणाले,” मागून सुवर्णाचा आवाज आला.

“तू गप. परवा बाळ घरी यायचंय, बाई. मी किरणला सांगून ठेवलंय, बाळ माझ्या हातात द्यायचं. हिला माहेरी धाडू, डोकं ठिकाणावर येईस्तोवर. लेकरू राहील माझ्याजवळ.”

“पण दूध?”

“वरचं पाजू की. जगत्यात वरच्या दुधावर. पन असल्या बाईच्या मांडीवर कसं द्यायचं, सांगा तुमीच. तुमच्या घरात असतं तर दिलं असतं का?”

फोन ठेवला गेला.

दुपारी परागने विचारलं, “काय, गेलं का भूत?”

“तिला खरंच काहीतरी दिसतंय.”

“तू करून बघितलंस?”

करून बघितलं होतं. चाचणीच्या खात्यात टीममधल्या कुणीतरी बाळाच्या फोटोऐवजी मांजराच्या पिल्लाचा फोटो टाकला होता. मी लिंक उघडली, मांजर आलं. बंद करून पुन्हा उघडली, मांजरच आलं.

“माझ्याकडे होत नाहीये,” मी म्हणाले.

“मग झालं तर. हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू सध्या जरा... म्हणजे सगळ्याच नव्या आया तशा असतात. माझी बायको रात्री उठून बाळाच्या नाकाशी आरसा धरायची.”

मीही धरायचे. आरसा नाही, हाताची मागची बाजू. राहीचा श्वास झोपेत मध्येच थांबतो असं मला वाटायचं. थांबायचा आणि मग एकदम तीन-चार भराभर यायचे. डॉक्टर म्हणाले होते, लहान बाळांचं असतं तसं. हृषीकेश म्हणाला होता, “व्हिडिओ काढून पाठव, बघू.” मी व्हिडिओ काढला, तेव्हा ती अगदी सरळ श्वास घेत होती. त्याने तो बघून खाली एक हसरा चेहरा पाठवला होता. त्यानंतर मी कुणाला सांगितलं नाही, नुसती बघत राहायचे. पण बघता बघता माझं मलाच वाटायला लागलं होतं की माझ्या नजरेतच काहीतरी बिघडलंय.

म्हणून असेल, परागचा फोन ठेवल्यावर मी ती तक्रार बंद केली नाही. राहीला झोळीत घातलं, पायाने झोका देत राहिले, आणि माझ्या रजेच्या काळात लिहिलेला कोड काढून वाचायला बसले.

जे वाचलं ते साध्या शब्दांत सांगते. अशा अ‍ॅपमध्ये आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो असं आपल्याला वाटतं, पण पान कुठे जात नाही. वरचा पत्ता तेवढा बदलतो. त्या पत्त्याकडे बघून, आत कुठला तुकडा दाखवायचा हे मोबाईलमध्येच ठरतं. त्या तुकड्याला आम्ही कंपोनंट म्हणतो. आणि आधीच्या पत्त्याला जो तुकडा लागत होता तोच नव्या पत्त्यालाही लागणार असेल, तर तो मोडून नवा करत नाहीत. तोच ठेवतात आणि त्यातली माहिती बदलतात. नवी माहिती येईपर्यंत त्यात जुनीच असते.

म्हणजे ‘बाळ एक’ या पत्त्यावरून कुणी ‘बाळ दोन’ या पत्त्यावर गेलं, तर एकचा फोटो थोडा वेळ दोनच्या पानावर राहू शकतो. नेट वेगवान असेल तर डोळ्याला कळतही नाही. ऑफिसातल्या कुणालाच कधी कळलं नसतं.

पण सुवर्णा एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जात नव्हती. ती नुसती लिंक उघडत होती. आणि तिचं बाळ एकच होतं.

मी खाली वाचत गेले. आणखी एक छोटा भाग होता. लिंक उघडली की अ‍ॅप आधी पहिल्या बाळाच्या पत्त्यावर जायचं. त्या बाळाची नोंद बंद झालेली असेल, तर तिथे न थांबता आपोआप पुढच्या बाळाच्या पत्त्यावर ढकलायचं.

मी चाचणीच्या खात्यात दुसरं बाळ तयार केलं. त्याला फोटो म्हणून राहीचं रबरी बदक लावलं. पहिल्या बाळाची नोंद बंद केली. वायफाय बंद करून मोबाईलचं नेट लावलं, जे आमच्या त्या मजल्यावर रडतखडत यायचं. लिंक उघडली.

आधी मांजर आलं. वरचा पत्ता बदलला, मांजर तिथेच. मग बदक आलं.

मी पुन्हा उघडली. मांजर, मग बदक. एकटीच होते, तरी मी मोठ्याने म्हणाले, “दिसतंय.”

परागला फोन लावला.

“सुवर्णा गांगुर्डेच्या खात्यात किती बाळं आहेत, जरा बघून सांगतोस?”

“एकच असेल.”

“बघ ना.”

त्याचा कीबोर्ड वाजला. “दोन आहेत. जुळी दिसतायत. पहिल्याची नोंद बंद आहे.”

“बंद म्हणजे?”

“म्हणजे डिस्चार्ज.”

“एक घरी आणि एक पेटीत? तिच्या घरी तर बाळ नाहीये, पराग. परवा पहिल्यांदाच घरी बाळ येणार आहे.”

त्याच्या बाजूला कुणीतरी हसत होतं, मग दार लावल्याचा आवाज आला.

“नाही,” तो म्हणाला. “डिस्चार्ज नाही लिहिलेलं. दुसऱ्या दिवशीची तारीख आहे. अगं, तो...”

“हो.”

“अरे देवा. आणि आपण त्याला...” त्याने शब्द पुरा केला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “दुरुस्ती किती आहे?”

“एका ओळीची. पत्ता बदलला की तुकडा नवा करायचा, जुना वापरायचा नाही.”

“मग लगेच कर. संध्याकाळच्या आत चढवू. दवाखान्याला मी नंतर सांगतो, नीट शब्दांत. तिला तू काही सांगू नकोस.”

“का?”

“काय सांगणार? तुमचं गेलेलं बाळ आमच्या चुकीमुळे तुम्हाला रोज दिसत होतं? त्यापेक्षा दिसायचं थांबेल. तिलाही बरं वाटेल.”

“थांबलं की घरचे म्हणतील बरी झाली. म्हणजे आधी वेडी होती हे पक्कं. परवा बाळ तिच्या हातात देणार नाहीयेत, पराग. माहेरी पाठवणार आहेत तिला. एकदा दुरुस्त केलं की मग तिला काही दाखवता येणार नाही. कुणालाच.”

“तू फार गुंततेस गं.”

“संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? तेवढा दे.”

त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मी सुवर्णाला फोन केला. घरात ती एकटीच असावी, कारण पहिल्या घंटेलाच उचलला आणि नेहमीच्या आवाजात बोलली.

“सुवर्णा, तुम्हाला एक विचारू? जे दुसरं बाळ दिसतं, ते कोण असेल असं तुम्हाला वाटतं?”

खाट करकरली, ती उठून बसली असावी.

“ताई, मला जुळी झाली. पहिला मुलगा. मला दाखवलाच नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा तो होता, मग दुसऱ्या दिवशी नव्हता. आत्याबाईंनी नेला पदराखाली. आमच्यात आईला दाखवत नाहीत, म्हणतात मग तिचा जीव तिथंच राहतो. त्याचं नाव काढायचं नाही, रडायचं नाही. दूध आटतं म्हणतात रडलं की. मला कळलं होतं तो कोण आहे. पहिल्याच दिवशी कळलं. पण मेलेलं बाळ दिसतं म्हणाले असते तर बांधूनच घातलं असतं मला. म्हणून मी दुसरंच बाळ म्हणत होते.”

“तुम्हाला भास होत नाहीयेत. तो फोटो खरा आहे. आमच्या अ‍ॅपची चूक आहे ती, मी स्वतः करून बघितली.”

मग ती रडायला लागली, तोंडात पदर कोंबून रडतात तशी.

“तुमच्या सासूबाईंनी पाहिलं होतं ना त्याला?” मी विचारलं. “त्यांना बोलवा. त्यांच्या फोनवरून मला लावा आणि तुमच्या मोबाईलवर लिंक उघडा. घरात रेंज कमी कुठे येते?”

“चुलीपाशी. भिंत जाड आहे.”

“तिथे बसा दोघी.”

पार्वताबाईंच्या बटणाच्या फोनवरून फोन आला तेव्हा राही उठली होती. मी तिला मांडीवर घेतलं आणि आवाज वाढवला.

“तू डाक्टर हायेस का?” पार्वताबाईंनी सुरुवातच अशी केली.

“नाही, आजी. हे मोबाईलमधलं बनवतात, त्यातली मी.”

“मंग तुला काय कळतंय हिच्या डोक्यातलं?”

“डोक्यातलं काही नाही कळत. मोबाईलमधलं कळतं. तुम्ही फक्त बघा. ती म्हणते ते खरं आहे.”

“मला धड दिसत नाय. चष्मा दे गं तो. तिथं नाय, कोनाड्यात.” भांडं सरकल्याचा आवाज. “हं. दाव.”

सुवर्णा म्हणाली, “उघडते हां, ताई.”

मी राहीला मांडीवर घट्ट धरून बसले होते. आणि एकदम मनात आलं, आज नेट वेगाने चाललं तर? दुसऱ्याचा फोटो आधीच आला तर? माझ्या त्या व्हिडिओसारखं झालं तर?

काही क्षण चुलीतल्या लाकडाचा तडतड आवाज तेवढा येत होता.

“आत्याबाई?” सुवर्णा म्हणाली.

पार्वताबाई बोलल्या नाहीत.

“आता गेला तो. हे आपलं दुसरं. पाहिलात ना, पहिला?”

“परत उघड,” पार्वताबाई म्हणाल्या.

तिने परत उघडली.

“कपाळावर केस,” म्हातारी म्हणाली. तो करडा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “मी म्हनलं होतं किरणला, केस बघ किती, आज्यावानी. परत उघड.”

ती उघडत राहिली. मी ऐकत राहिले. प्रत्येक वेळी थोडी शांतता, आणि मग “परत”. राही माझ्या हाताशी खेळत होती. परागचा निरोप पडद्याच्या कोपऱ्यात आला, “झालं का?” मी तो बाजूला सारला.

“मी एकटीनंच बघितला होता त्याला,” पार्वताबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. “किरण आलाच नाही जवळ. पदराखाली गरम होता गं अजून. कुनाला सांगू? तुला सांगितलं तर तू मेली असतीस. मी म्हनलं, माझ्यापाशीच राहू दे.”

“मला सांगायचं होतंत, आत्याबाई.”

“हो गं बाई. हो.”

मग दोघी काय बोलल्या, की नुसत्याच रडल्या, ते मला नीट कळलं नाही. फोन बहुतेक जमिनीवर ठेवला होता. बऱ्याच वेळाने पार्वताबाईंनी तो उचलला.

“हायेस का अजून?”

“आहे, आजी.”

“परवा हीच जाईल बाळ घ्यायला. मी सांगते किरणला. ताप असला तर तोंडाला बांधून जाईल, पन हीच घेईल.” नाक ओढलं. “आन हे तुमचं... हे आता काढनार का तुमी?”

“काढावं लागेल. एका बाळाच्या पानावर दुसऱ्याचा फोटो राहणं बरोबर नाही. उद्या हेच पान बघून एखाद्या नर्सने चुकीच्या बाळाला औषध दिलं तर? आणखीही कुणाची जुळी असतात.”

“ते खरं हाय.”

सुवर्णाने फोन घेतला. “ताई, तो दुसऱ्याच्या पानावर येतो, कारण त्याचं स्वतःचं पान नाही का?”

“आहे. पण त्याची नोंद बंद झाली, म्हणून अ‍ॅप तिथे थांबत नाही. पुढे ढकलतं.”

“मग ढकलू नका ना,” ती म्हणाली. “तुम्ही चूक दुरुस्त करा. पण त्याला त्याच्या पानावर राहू द्या. मी त्याच्या पानावर जाईन आणि ह्याच्याही पानावर जाईन. दोन्हीकडे जाईन मी.”

मी त्या संध्याकाळी एक ओळ लिहिली आणि एक भाग काढून टाकला. नोंद बंद झालेल्या बाळाच्या पत्त्यावर आता अ‍ॅप थांबणार होतं. तिथे फोटो, जन्माची तारीख, वजन, एवढंच राहणार होतं. लिंक उघडल्यावर समोर पेटीतलंच बाळ येईल, पहिल्याकडे कुणी आपणहून गेलं तरच तो दिसेल, असं केलं. आमच्याकडे कुणीही केलेला बदल दुसऱ्याने वाचून संमती दिल्याशिवाय पुढे जात नाही. परागने वाचून लगेच फोन केला.

“पहिली ओळ कळली. हे पुढे ढकलायचं का काढलंस? ते मुद्दाम ठेवलेलं होतं. आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून.”

“कुणी ठरवलं ते?”

“आम्हीच. म्हणजे मीच. बंद नोंदीचं पान कुणाला कशाला बघायचं असेल, असं वाटलं.”

“तिला बघायचंय. तिनेच मागितलं.”

मी वाट बघत होते की तो आता म्हणेल, नव्या आया अशाच असतात. तो म्हणाला, “दवाखान्याला विचारावं लागेल.”

“विचार. आत्ता विचार.”

त्याने विचारलं. काय बोलणं झालं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. राहीला भात भरवत होते तेव्हा पडद्यावर त्याची संमती आली. सोबत एकही शब्द नव्हता. मी एका हाताने बदल चढवला, दुसऱ्या हातात भाताचा घास होता.

मग हृषीकेशचा फोन आला. “आज काय विशेष?” त्याने विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, पण त्याच्या मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो म्हणाला, “नंतर बोलू, हां?” मी बरं म्हणाले. राही आता शाळेत जाते. हे सगळं मी त्याला पुरतं सांगितलं ते या वर्षी.

त्या संध्याकाळी मात्र सांगायला कोणी नव्हतं. राहीचं तोंड पुसलं, तिला खाली सतरंजीवर बसवलं. सगळं बरोबर चाललंय का हे चढवल्यावर एकदा बघायचं असतं. वायफाय बंद करून मोबाईलचं नेट लावलं आणि सुवर्णाच्या खात्यातल्या पहिल्या बाळाचा पत्ता उघडला.

बराच वेळ तिथे काहीच नव्हतं. आधीचं कुणी नव्हतं. मग तो आला. कपाळावर खरंच खूप केस होते.